ऑस्बोर्न हाऊस, आईल ऑफ वाइट: आधी घर की आधी बाग?

पैलतीर
नमस्कार मंडळी. जूनच्या मध्यात आईबाबा लंडनला येताहेत. दोघांचीही सत्तरी उलटली आहे; चालतात, पण बाबांचा गुडघा चढावर कुरकुरतो. दोघांना बागांचं वेड, आणि आईला व्हिक्टोरिया राणीच्या दरबार हॉलची भारी उत्सुकता. विंझरच्या राजवाड्यातली गर्दी टाळून एक दिवस ऑस्बोर्न हाऊसला द्यावा म्हणते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या आईल ऑफ वाइट बेटावरचं हे राणीचं घर, दरबार हॉल तिथेच आहे. सकाळी लंडनहून निघायचं, रात्री परत.

माझ्या मते आधी घर आतून बघून घ्यावं आणि उरलेला वेळ बागेत आणि किनाऱ्यावर निवांत घालवावा. जाणकारांनी सांगा: साउदॅम्प्टनवरून जावं की पोर्ट्समथवरून? एका दिवसात उरकेल का? स्विस कॉटेजपर्यंतचं चालणं झेपेल का? आणि त्या दिवसांत बागेत बघण्यासारखं काय असतं?

रेल्वेवेडा
आधी रस्ता.

साउदॅम्प्टन: लंडनच्या वॉटर्लू स्टेशनहून जलद गाडीने साधारण सव्वा तास. स्टेशन ते धक्का बसने. तिथून ईस्ट काउजला जाणारी गाड्या वाहणारी मोठी फेरीबोट, तिला तासभर लागतो. पायी प्रवासीही घेतात. ईस्ट काउजच्या धक्क्यापासून ऑस्बोर्नचं फाटक दीडेक मैल, सगळा चढ. बाबांना तो चढ नको, बस घ्या. ४ आणि ५ नंबर दोन्ही फाटकावरून जातात. ५ त्यातल्या त्यात दाट, ४ विरळ.

पोर्ट्समथ: वॉटर्लू ते पोर्ट्समथ हार्बर पावणेदोन तासांच्या आतबाहेर. तिथे गाडीतून उतरलं की बोटीचा धक्का स्टेशनलाच लागून. कॅटामरान, म्हणजे जलद बोट, २२ मिनिटांत बेटावरच्या राईड गावच्या पिअरवर, समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्यावर, सोडते. पिअर पाऊण किलोमीटरच्या जरा आत. तो चालायचा नसेल तर टोकालाच छोटी गाडी उभी असते, तिने एक स्टेशन पुढे राईड एस्प्लनाडला उतरा. समोरच बसथांबे, ४ नंबर थेट ऑस्बोर्नला.

महत्त्वाचं: तिकीट पोर्ट्समथचं न काढता थेट राईड एस्प्लनाडचं काढा. बेटावरची रेल्वे राष्ट्रीय जाळ्यातली असल्याने त्याच तिकिटात बोटही येते. शिवाय साठीच्या पुढच्या कुणालाही सीनियर रेलकार्ड काढता येतं, पाहुण्यांनाही, पासपोर्ट दाखवून. भाड्यात एकतृतीयांश सूट. फक्त लंडनच्या आसपास सकाळच्या गर्दीच्या गाड्यांना ते चालत नाही, तेवढी वेळ तपासा.

अवांतर: बेटावरचे ते डबे लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनवरून निवृत्त झालेले आहेत. २०२१ पासून इथे समुद्रावर हवा खातात.

हरबराडाळ
शीर्षकात 'राणी' आणि 'बाग' एकत्र दिसले की हात आपोआप भायखळ्याचं तिकीट काढायला जातो.

पोस्टकार्ड
रेल्वेवेडा, साउदॅम्प्टनबाबत एक धोक्याची पाटी राहिली. तिथून दोन वेगळ्या बोटी सुटतात. २५-३० मिनिटांत पोचवणारी जलद बोट बघून लोक खूश होतात आणि तिकीट काढतात. ती वेस्ट काउजला जाते, म्हणजे मेडिना नदीच्या पलीकडच्या काठाला. तिथून ऑस्बोर्नच्या बाजूला यायला साखळीवर ओढली जाणारी तराफ्यासारखी फेरी आहे, 'फ्लोटिंग ब्रिज' म्हणतात तिला. दुरुस्तीमुळे ती बंद असते, आणि भरतीओहोटीचा फरक फार मोठा असला की ऐन ओहोटीतही थांबवतात. मग छोट्या होडीतून चढ-उतार करावी लागते. ज्येष्ठांबरोबर हे झंझट नको. ईस्ट काउज असं स्पष्ट लिहिलेली बोटच घ्या.

पैलतीर
बापरे, हे माहीतच नव्हतं. म्हणजे पोर्ट्समथच बरं दिसतंय?

रेल्वेवेडा
बदल जास्त आहेत, पण प्रत्येक बदल चार पावलांवर. साउदॅम्प्टनला बदल कमी, मात्र स्टेशन आणि धक्का यांच्यात अंतर. सामान नसेल तर पोर्ट्समथ. स्वतःची गाडी असेल तर साउदॅम्प्टन-ईस्ट काउज किंवा पोर्ट्समथ-फिशबोर्न.

तारीख ठरवताना अजून एक बघा. जूनच्या मध्यात, बहुधा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, बेटावरच्या न्यूपोर्टला मोठा संगीत महोत्सव भरतो. त्या चार दिवसांत सगळ्या बोटी तुडुंब. तसंच ऑगस्टच्या सुरुवातीला काउजच्या शिडांच्या शर्यती. हे दोन्ही टाळले तर बाकी वेळी फारशी गर्दी नसते.

गवताळ
आता मूळ प्रश्न. धागाकर्तीशी असहमत. आधी बागेचं लांबचं टोक, मग घर.

कारण साधं आहे. लंडनहून येणारे, बसच्या सहली, शाळांच्या सहली, सगळे ११ ते १च्या दरम्यान फाटकातून आत येतात आणि सरळ घराच्या रांगेत लागतात. घरातला मार्ग एकदिशा आहे. पुढचा घोळका हलला नाही की मागचा अडकतो. दोननंतर तेच घर मोकळं. उलट स्विस कॉटेज घरापासून चालत १५-२० मिनिटांवर, किनारा त्याच्याही खाली. किनाऱ्याकडे जाताना उतार आहे म्हणून कळत नाही, परत येताना कळतं. थकल्यावर तिकडे जायचा कंटाळा येतो आणि ते राहून जातं. हंगामात घरापासून स्विस कॉटेज आणि किनाऱ्यापर्यंत मिनीबस फिरते. फाटकावर शिरल्याशिरल्या 'आज मिनीबस आहे का, शेवटची किती वाजता' एवढं विचारून घ्या. ती नेहमी असेलच असं नाही.

क्रम असा: मिनीबसने थेट किनारा, तिथून स्विस कॉटेज, मिनीबसने परत, जेवण, भिंतबंद बाग, घर, आणि घरातून बाहेर पडल्यावर मागच्या टेरेस, म्हणजे बागेतले उतरत्या टप्प्यांचे सपाट चौथरे. टेरेस शेवटी ठेवायच्या, कारण घरातून बाहेर पडून त्यांच्यावर उभं राहिलं की खाली सोलेंट सामुद्रधुनीचं पाणी दिसतं, आणि बागेची आखणी नेमकी त्या दृश्यासाठीच आहे.

कुंडीतली_तुळस
गवताळदादा, तुमचा क्रम तिशीतल्यांसाठी ठीक. ज्येष्ठांबरोबर मी घर आधीच म्हणेन. घरात दीड-दोन तास सलग उभं राहावं लागतं, बसायला मोजक्या जागा, मध्ये जिने. पाय ताजे असताना ते होतं. बागेत काय, पावलोपावली बाकं आहेत. शिवाय घराचा शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या तासभर आधी असतो. उन्हाळ्यात पाचला बंद म्हणजे चारच्या आत दारात हवं. बोट चुकली, मिनीबस चुकली, तर घरच हुकतं. मग आईंच्या दरबार हॉलचं काय?

गवताळ
मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच दोनचं लक्ष्य ठेवायचं, साडेतीनचं नव्हे. बंद व्हायची वेळ महिन्यागणिक बदलते आणि थंडीत तर रोज उघडंही नसतं, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी बघून घ्या. जिन्यांबद्दल दारावरच्या कर्मचाऱ्यांशी आधीच बोलावं; जिना टाळायची काय सोय आहे ते तेच सांगतात. अर्ध्या वाटेत सांगितलं तर एकदिशा मार्गावरून मागे फिरवणं त्यांनाही अवघड जातं.

आडकित्ता
घर आधी की बाग आधी हा वाद ठीक आहे, पण घर बघायचंच कशाला? आत अंधार, पडदे ओढलेले, दोरीच्या अलीकडून खुर्च्या बघायच्या. बाग बघा, बोट बघा, चहा प्या आणि परत या.

पोस्टकार्ड
अंधाराला कारण आहे हो, आडकित्ता. कापड, गालिचे, जलरंगातली चित्रं यांच्यावर ५० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) वर प्रकाश पडू द्यायचा नाही असा जतनाचा सर्वसाधारण दंडक आहे. तैलचित्रांना २०० लक्सच्या आसपास चालतो. उघड्या खिडकीशी भर दुपारी याच्या कित्येक पट प्रकाश असतो. आणि रंग उडतो तो एकूण प्रकाश गुणिले एकूण वेळ या हिशेबाने, म्हणून झालेलं नुकसान साठत जातं, भरून येत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाच-सात मिनिटं लागतात. बाहेरच्या उन्हातून थेट शिरलात की पहिल्या दोन खोल्या वाया जातात. दारापाशी जरा सावलीत थांबून आत गेलं तर फरक पडतो. आतही गॉगल काढायला विसरून फिरणारे असतात, असो. मोठी पाठपिशवी पुढे घ्यायला सांगतात, तीही भिंतीवरचं नक्षीकाम पिशव्यांच्या घासण्याने झिजतं म्हणून.

काटकोन
आडकित्ता यांना घर नको म्हणायचा हक्क आहे, पण इमारतीसाठी तरी आत जाच.

व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा आल्बर्ट यांनी १८४५ मध्ये ही मालमत्ता विकत घेतली. मूळचं घर लहान पडलं म्हणून पाडलं. आराखडा आल्बर्ट आणि टॉमस क्युबिट या दोघांचा. क्युबिट हा लंडनमधला बांधकाम करणारा बडा ठेकेदार, दरबारचा नेमलेला वास्तुविशारद नव्हे. एडवर्ड ब्लोरसारख्या मातब्बर वास्तुविशारदाला बाजूला सारून काम ठेकेदाराला दिलं म्हणून तेव्हा नाकं मुरडली गेली. पण त्यामुळे काम झपाट्याने झालं: १८४५च्या जूनमध्ये पायाचा दगड, १८४६च्या सप्टेंबरात कुटुंब राहायलाही आलं. उरलेल्या बाजू १८५१पर्यंत.

बाहेरून दगडाचं वाटतं, पण सगळं विटांचं आहे. वर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर चिऱ्यांच्या सांध्यांच्या रेघा ओढून बाथच्या दगडाचा आभास. आगीची भीती म्हणून तुळया बिडाच्या आणि त्यांच्यामध्ये विटांच्या कमानी. समुद्राकाठच्या घराला हा गिलावा म्हणजे कायमचं दुखणं. खारी हवा आणि ओल केसासारख्या भेगांतून आत शिरते, आतली वीट ओली राहते, मग पापुद्रे सुटतात. टेरेसवरचे कठडे, कुंड्या, पुतळे यातलंही बरंच काही दगडी नसून सिमेंटमध्ये ओतलेलं आहे. कुठेतरी परांची बांधलेली दिसली, थोडा भाग झाकलेला दिसला तर हिरमुसू नका. हे काम कधीच संपत नसतं.

आतल्या मांडणीतली गंमत तळमजल्यावर आहे. जेवणघर, दिवाणखाना आणि बिलियर्डची खोली जिन्याभोवती वळत एकाला एक जोडलेल्या, मध्ये भिंती नाहीत, खांब आणि पडदे. राणीसमोर तिच्या परवानगीशिवाय बसायचं नाही हा रिवाज. बिलियर्डचा भाग कोनात वळवल्यामुळे पुरुष मंडळी राणीच्या 'हजेरीत'ही राहायची आणि तिच्या नजरेआड असल्याने खुर्चीवर बसायचीही. शिष्टाचाराचा प्रश्न नकाशात सोडवला आहे.

हरबराडाळ
म्हणजे ऑफिसातल्या खांबाआडच्या टेबलाची परंपरा शाही आहे. उद्याच साहेबांना सांगतो.

काटकोन
:) आणि एक अवांतर, पुणेकरांसाठी खास. गणेशखिंडीतली पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत डोळ्यासमोर आणा. तो उंच चौकोनी मनोरा, कमानींचा सज्जा, इटालियन धाटणी. मुंबईच्या गव्हर्नरसाठी १८६०च्या दशकात ती बांधायला घेतली तेव्हा वास्तुविशारद जेम्स ट्रबशॉ याने नमुना म्हणून ऑस्बोर्नच पुढे ठेवलं होतं. मेलबर्नचं गव्हर्नमेंट हाऊसही याच घराण्यातलं. मात्र पुण्याची इमारत काळ्या-करड्या दगडात उघडी उभी आहे, ऑस्बोर्नसारखा गिलावा नाही. देखभालीच्या दृष्टीने पुणं जिंकलं.

आडकित्ता
पुणं जिंकलं हे वाक्य पुणेकराने लिहिलंय यात शंका नाही.

नंदादीप
दरबार हॉलबद्दल कुणीच लिहीत नाहीये, मी लिहिते. घाईत बघायची ही खोली नाही.

हा भाग मूळ घरात नव्हता. १८९०-९१ मध्ये नवी बाजू जोडली: खाली दरबार हॉल, वर धाकटी लेक बिअट्रिसच्या कुटुंबाच्या खोल्या. खोली साधारण ६० फूट बाय ३० फूट, उंची २० फुटांच्या आसपास. नक्षीकाम भाई राम सिंग यांचं. पंजाबातल्या सुतार घराण्यातले, लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि पुढे तिथलेच प्राचार्य झालेले. अमृतसरच्या खालसा कॉलेजचा आराखडाही त्यांचाच. त्यांच्याबरोबर नाव येतं ते त्यांचे गुरू जॉन लॉकवुड किपलिंग यांचं. आणि हे किपलिंग लाहोरला जाण्याआधी १८६५ पासून दहा वर्षं मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होते. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची उठावाची शिल्पं त्यांचीच. आईबाबा मुंबईचे असतील तर ती आधी बघून या म्हणावं!

बघताना काय बघायचं: भिंती आणि छत पाहिल्यावर लाकूड किंवा संगमरवर कोरलाय असं वाटतं. प्रत्यक्षात ते प्लॅस्टर आणि कागदाचा लगदा आहे. राम सिंग लाकडात मूळ नमुना कोरायचे, त्यावरून साचे निघायचे आणि साच्यातून लंडनच्या कारागिरांनी तुकडे ओतले. छतातले खोल चौकोन नीट बघा, एकच नमुना किती ठिकाणी फिरवून बसवलाय ते कळतं. शेकोटीच्या वरचा मोर मात्र एकटाच आहे. त्याच्यासमोर गर्दी असते, जरा बाजूला उभं राहून तिरक्या कोनातून बघितलं तर पिसाऱ्याची खोली दिसते. खालचा गालिचा आग्र्याच्या तुरुंगात कैद्यांनी विणलेला.

दरबार हॉलकडे जाणाऱ्या मार्गिकेत चित्रकार रुडॉल्फ स्वोबोडाने काढलेल्या हिंदुस्थानी माणसांच्या तसबिरी आहेत. बहुतेक वीतभरच उंचीच्या, म्हणून लोक त्या ओलांडून हॉलमध्ये धावतात. थांबा तिथे. राजेमहाराजे थोडे, विणकर, कुंभार, शिपाई, लहान मुलं जास्त. १८८६ साली लंडनच्या वसाहती प्रदर्शनात कारागीर आणले होते, त्यांच्यापासून सुरुवात झाली. मग राणीने स्वोबोडाला हिंदुस्थानात धाडलं. बक्षीराम नावाच्या आग्र्याच्या कुंभाराचं चित्र चुकवू नका, त्याचं वय १०२ नोंदवलेलं आहे.

आडकित्ता
त्या प्रदर्शनातले 'कारागीर' म्हणजे आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले कैदीच होते बरेचसे, हेही लिहा की. आणि त्याच मार्गिकेत पंजाबचा शेवटचा महाराजा दुलीप सिंग याचं भव्य चित्र आहे. राज्य काढून घेतलं, कोहिनूर काढून घेतला, आणि मुलाला दागिने घालून चित्रासाठी उभं केलं. चित्रकार विंटरहाल्टर, १८५४. हे 'हिंदुस्थानप्रेम' जरा चाळणीतून गाळून घ्यावं.

नंदादीप
लिहायलाच हवं, मान्य. पण म्हणून बघू नये हे पटत नाही. राणीने कधी हिंदुस्थानात पाऊल ठेवलं नाही. ज्या देशाची ती सम्राज्ञी होती तो तिला ज्या रूपात हवा होता, ते रूप या खोलीत उभं आहे. कूर्गच्या राजकन्या गौरम्माचा शिल्पकार मारोकेट्टीने केलेला रंगवलेला अर्धपुतळाही इथलाच. अकरा वर्षांची पोर, राणीला धर्ममाता करून तिचा बाप्तिस्मा झाला. चित्रं सुंदर आहेत आणि गोष्टी सुखाच्या नाहीत, दोन्ही एका भिंतीवर. याहून चांगला इतिहासाचा तास कुठे मिळणार?

आडकित्ता
ठीक. बाग, बोट, चहा आणि ती एक मार्गिका. एवढी तडजोड.

पैलतीर
नंदादीप, आईला तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. आता ती म्हणते दरबार हॉललाच अर्धा दिवस दे. बागेचं कुणी सांगेल का? जूनच्या मध्यात काय फुललेलं असतं?

गवताळ
टेरेसवरचे ताटवे वर्षातून दोनदा पालटतात. वसंतातले ट्युलिप आणि वॉलफ्लॉवर मेच्या मध्यापर्यंत तग धरतात. मग ते उपटून उन्हाळी रोपं लावायची. त्यामुळे मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा हा तिथला सगळ्यात फिका काळ: काळी माती, मध्ये हातभर अंतरावर बोटभर रोपं. जूनच्या मध्यात रोपं बसलेली असतात पण भरलेली नसतात. पूर्ण भर जुलैच्या उत्तरार्धात. तेव्हा तुमच्या तारखेला टेरेसकडून रंगांची फार अपेक्षा ठेवू नका, आखणी बघा.

त्या दिवसांत खरी बाग भिंतबंद बागेत. अठराव्या शतकातली विटांची भिंत, आणि दाराला पाडलेल्या जुन्या घराचं दगडी प्रवेशद्वार बसवलेलं. २००० साली उद्यानरचनाकार रूपर्ट गोल्बी यांनी तिची नव्याने आखणी केली. मधल्या कमानींत 'व्ही' आणि 'ए' गुंफलेले, आणि झाडांच्या जातीही शक्य तिथे व्हिक्टोरिया-आल्बर्ट या नावांच्या निवडलेल्या. पाट्या वाचत फिरलात तर आईबाबांना मजा येईल. भिंतीवर सपाट पसरवून वाढवलेली फळझाडं नीट बघा. फांदी कोवळी असताना आडव्या तारेला बांधायची, समोर वाढणारे फुटवे उन्हाळ्यात तीन-चार पानांवर खुडायचे. विटेची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री ऊब सोडते, म्हणून वसंतात उशिरा पडणाऱ्या गोठवणाऱ्या दवातही मोहर वाचतो. जूनमध्ये गुलाब भरात असतात.

आणि मर्टलचं झुडूप. आल्बर्टच्या आजीने जर्मनीतल्या गोथाहून दिलेल्या गुच्छातली डहाळी व्हिक्टोरियाने १८४५ मध्ये इथे लावली असं सांगतात. थोरल्या लेकीच्या १८५८ सालच्या लग्नापासून राजघराण्यातल्या नवऱ्यांच्या हातातल्या गुच्छात मर्टलची डहाळी घालायची प्रथा आहे. टेरेसच्या भिंतीलगत बघा. फूल जुलै-ऑगस्टमध्ये, तुम्हाला पानंच मिळतील. जवळून वास घ्या, हात लावू नका.

कुंडीतली_तुळस
नवऱ्यांच्या हातात?? गवताळदादा, नवऱ्या म्हणजे नवऱ्यामुली, हे एकदा स्पष्ट करा, नाहीतर इकडे काही पुरुष उगाच डहाळ्या मागतील.

तांबडीखार
स्विस कॉटेज कुणी नीट सांगितलं नाही. बागप्रेमींना तेच सगळ्यात जवळचं वाटेल.

१८५३-५४ मध्ये बांधलेलं लाकडी घर, राणीच्या नऊ मुलांसाठी. खाली मुलांच्या उंचीचा स्वयंपाकाचा ओटा आणि चूल, जिथे मुली खरोखर रांधायच्या आणि आईबापांना चहाला बोलवायच्या. बाहेर प्रत्येक मुलाचा स्वतंत्र वाफा: फळं, भाज्या, फुलं. शेजारी गवताने शाकारलेल्या खोपटात लहान मापाची अवजारं आणि ढकलगाड्या, प्रत्येकीवर मालकाची आद्याक्षरं. 'पी. डब्ल्यू.' म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स. माळीबुवांनी काम तपासून पास केलं की आल्बर्ट तो भाजीपाला बाजारभावाने मुलांकडून विकत घ्यायचा. वाफे आजही लावलेले असतात. जूनमध्ये वाटाणे, बटाट्याचा पाला, स्ट्रॉबेरी अशी चांगली वेळ.

शेजारच्या छोट्या संग्रहालयात मुलांनी जमवलेल्या वस्तू आहेत: दगड, शिंपले, पेंढा भरलेले पक्षी, आणि पाच पायांचं हरणाचं पाडस. त्यापलीकडे मुलांनी खेळायला केलेला मातीचा किल्ला.

दिवाळीतले किल्ले करणाऱ्यांना वेगळं समजावून सांगायला नको.

बेटावर करड्या खारी नाहीत, म्हणून तांबड्या टिकल्या आहेत. करड्या खारी एक विषाणू वाहून आणतात, त्यांना काही होत नाही पण तांबड्या मरतात. सोलेंटच्या पाण्यामुळे त्या इकडे पोचलेल्या नाहीत. स्विस कॉटेजच्या वाटेवरच्या झाडीत सकाळी लवकर दिसतात. दुपारी आशा सोडा. गवताळ यांच्या क्रमाला माझं मत याच कारणासाठी.

हरबराडाळ
तांबडीखार या आयडीचा कौल तांबड्या खारींच्या बाजूने पडला. हितसंबंधांची नोंद घ्यावी.

पोस्टकार्ड
किनाऱ्याचं थोडक्यात. २०१२ पासून लोकांना खुला आहे. वाळू कमी, गोटे जास्त. बाबांना पक्क्या तळव्याचे बूट हवेत. राणीची आंघोळीची गाडी तिथे ठेवली आहे: चाकांवरची लाकडी खोली, पुढे पडद्यांचा सज्जा. उतरत्या रुळांवरून ती पाण्यात सोडायची, राणीने सज्जाच्या पायऱ्यांवरून उतरायचं, आणि झाल्यावर तारेने वर ओढून घ्यायची. आत शौचालयही होतं. १८४७च्या जुलैत राणीने समुद्रात पहिली डुबकी मारली ती यातूनच. तिच्यानंतर या गाडीचं कोंबड्यांचं खुराडं झालं होतं, पुढे दुरुस्त करून परत मांडली. अर्धगोल कोनाड्यात बसायची जागा आहे, आत रंगीत फरशा. उन्हातून आल्यावर तिथे थंड वाटतं.

काटकोन
घराबद्दल एक राहिलंच. वरच्या मजल्यावर राणीची बैठकीची खोली, दोन मेजं शेजारीशेजारी, एक तिचं एक आल्बर्टचं. पुढे तिची निजायची खोली. २२ जानेवारी १९०१ रोजी ती तिथेच वारली. त्यानंतर कुटुंबाने त्या खोल्या बंद ठेवल्या. बाकीचं घर तिचा मुलगा सातवा एडवर्ड याने १९०२ मध्ये देशाला देऊन टाकलं, आवारात १९०३ ते १९२१ नौदलाचं कॉलेज चाललं, घराच्या एका भागात आजारातून उठलेल्या अधिकाऱ्यांची सोय होती. पण खासगी खोल्या लोकांना दिसल्या त्या थेट १९५४ मध्ये, दुसऱ्या एलिझाबेथच्या परवानगीने. त्यामुळेच तिथलं सामान मूळ जागी टिकलं. बऱ्याच राजवाड्यांत खोल्या नंतर सजवून दाखवतात, इथे तसं कमी आहे.

खाली कौन्सिल रूमजवळ दुसरी गोष्ट: १४ जानेवारी १८७८ रोजी ग्रॅहम बेलने राणीला टेलिफोन ऐकवला तो याच घरात. वीस वर्षांनी मार्कोनीने इथून समोरच्या शाही नौकेवर बिनतारी संदेश पाठवले.

आडकित्ता
आणि आज तिथे अनेक कोपऱ्यांत मोबाईलला रेंज नाही. तिकिटं आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, बसचं वेळापत्रकसुद्धा.

नंदादीप
आडकित्ता यांचा पहिला निखळ उपयोगी प्रतिसाद! अनुमोदन. तिकिटाबद्दल: ऑस्बोर्न इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. आईबाबा स्टोनहेंज, डोव्हरचा किल्ला असं काही बघणार असतील तर परदेशी पाहुण्यांसाठी ९ किंवा १६ दिवसांचा पास मिळतो. दोन-तीन मोठी ठिकाणं झाली की सुटी तिकिटं काढण्यापेक्षा तो स्वस्त पडतो. एकटं ऑस्बोर्नच असेल तर नको. आधी ऑनलाइन काढलेलं साधं तिकीट पुरे.

पैलतीर
सगळ्यांचे आभार. असं ठरवतेय: महोत्सवाचा आठवडा सोडून मंगळवार. पोर्ट्समथमार्गे, राईड एस्प्लनाडचं तिकीट. पोचल्यावर मिनीबसने स्विस कॉटेज आणि किनारा, दोनच्या आत जेवण उरकून घर, मग टेरेस. भिंतबंद बाग मध्ये जमेल तशी. जवळच्या व्हिपिंगहॅम गावचं चर्च करता येईल का त्याच दिवशी?

कुंडीतली_तुळस
चर्च सोडा. आल्बर्टने त्यात लक्ष घातलं होतं, बिअट्रिसचं १८८५ सालचं लग्न तिथलं, सुंदर आहे. पण मुख्य रस्त्यापासून बरंच आत चालावं लागतं आणि परतीचा चढ. एका दिवसात गुडघ्यावर तीन चढ नकोत. आणि आईंना सांगा, मिनीबस त्या दिवशी नसेल तर हट्ट न करता माझा क्रम: आधी घर.

गवताळ
मिनीबस नसेल तर मीही तेच म्हणेन. मग किनारा गाळायचा, स्विस कॉटेजपर्यंत सावकाश चालत जायचं. वाट रुंद आणि बरीचशी सपाट आहे, खरा चढ किनाऱ्यावरून वर येतानाच लागतो.

रेल्वेवेडा
परतीचं बघून ठेवा: ४ नंबरची संध्याकाळची बस दिवसापेक्षाही विरळ. पाचला आवार बंद झाल्यावर फाटकासमोर सगळे एकदम थांब्यावर येतात, त्यामुळे साडेचारच्या आसपासची एखादी पकडा. ती गेलीच तर ५ नंबरने न्यूपोर्ट आणि तिथून ९ नंबरने राईड. थोडा वळसा पडतो, पण बसायला जागा मिळते. राईडला थांबा पिअरच्या तोंडाशीच आहे. पिअरवरची गाडी आणि बोट एकमेकांना धरून असतात, तरी वारा जोराचा असेल तर बसमध्येच फोनवर बोटींची स्थिती बघा. कॅटामरान मोठ्या लाटांना रद्द होते. तेव्हा फिशबोर्नहून गाड्यांची मोठी बोट चालू असते, आणि ९ नंबर वाटेत तिच्या फाट्याला थांबते.